प्रेस नंबर चारची जाळी

पाटीवरचा मजकूर मृणालिनी देशिंगकर मॅडमनी सकाळी साडेनऊला पाठवला, आणि पावणेदहाला मी हातातला चहाचा कप बेसिनमध्ये आपटून फोडला होता.

मजकूर असा होता: "सन १९९९. सुरक्षा-जाळी स्वतः काढून काम लवकर उरकण्याच्या हव्यासापायी एका कामगारास या प्रेसवर चार बोटे गमवावी लागली. सुरक्षेचे नियम आपल्याच भल्यासाठी असतात!" शेवटी उद्गारचिन्ह. त्या उद्गारचिन्हानं तर माझं डोकंच फिरलं.

तो 'एक कामगार' म्हणजे केरबा बाबू चौगले. माझा बाप.

खोटं असतं तर मी तिथल्या तिथे फोन करून मॅडमशी भांडले असते. पण हे खरं होतं. निदान गेली एकोणचाळीस वर्षं आमच्या घरात तरी हेच खरं होतं. मी तेव्हा तिसरीत होते. कोल्हापुरात खासबागेत मोठी कुस्ती होती, आबांना ती बघायला जायचं होतं, म्हणून त्यांनी प्रेसची जाळी काढली, भराभर काम उरकायला घेतलं आणि प्रेस हातावर आली. उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला. आई मरेपर्यंत म्हणत होती, "कुस्तीपायी बोटं घालवली या माणसानं." सतराव्या वर्षी मी स्वतः त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं की तुमच्या हौसेची फळं आम्ही भोगतोय. आबा काही बोलले नाहीत. ते कधीच काही बोलायचे नाहीत, आणि मला त्याचाही राग यायचा.

आता तुम्ही विचाराल, मग ह्या कामाला हात घातलास कशाला? तर माझा धंदाच तो आहे. मी संग्रहालयांतली दालनं मांडते. 'कृपया हात लावू नये' ही पाटी दिसली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. वस्तूला हात लावायचा नाही तर बघायची कशाला, घरी बसून पडद्यावर बघा की! माझ्या दालनांत माणसं चाकं फिरवतात, साचे उघडतात, घण उचलून बघतात.

'सुहासिनी स्टो' तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. पितळी टाकी, बाजूला पंप, पेटला की फर्रर्र आवाज. गॅस यायच्या आधी घराघरात होता. तो कारखाना २००६ साली बंद पडला. आता, २०३८ साली, मालकांच्या मुलीला, म्हणजे मृणालिनी मॅडमना, त्याच शेडमध्ये उद्योगवारशाचं संग्रहालय करायचं होतं. मी केरबा चौगल्यांची मुलगी हे त्यांना ठाऊक होतं. "केवढा गोड योगायोग बघ ना, हर्षला," असं म्हणाल्या होत्या. गोड!

*

संग्रहालयाचं मुख्य आकर्षण होतं झीजवाचन, आणि ते काम तस्नीम मुजावरचं. तस्नीम धातूशास्त्रज्ञ, मूळची मिरजेची, माझ्याबरोबर गेली सहा वर्षं काम करणारी. मी तापट आणि ती थंड, म्हणून आमचं जमतं.

झीजवाचन म्हणजे काय, ते तिनं मला पहिल्यांदा समजावलं तसंच सांगते. धातूवर रेटा आला, घासणूक झाली, की तो नुसता झिजत नाही. त्याच्या आतले स्फटिक सरकतात, दबतात, आणि मग तसेच राहतात. कुठून रेटा आला, केवढ्या जोराचा, किती वेळा, याची ती नोंदच असते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण तस्नीमच्या यंत्राला दिसते. शिवाय हाताला घाम असतो. त्या घामातल्या क्षारांनी लोखंडाला बारीक बारीक खड्डे पडतात आणि बोटं नेमकी कुठं टेकत होती ते कळतं. संगणकाला हजारो जुनी हत्यारं आधी शिकवलेली, वापरणाऱ्या माणसाच्या चित्रफितीसकट. तो झिजेवरून मागे मागे जात हात उभा करतो. झीज अशी आहे, तर हात असा असला पाहिजे, पंजा एवढा, मनगट इतकं वळणारं.

मग तो हात एका हातमोज्यात भरायचा. मोज्यात चिमुकल्या मोटरी असतात. तुम्ही मोजा घातला की तुमची बोटं त्या माणसाच्या बोटांसारखी चालायला लागतात. शंभर वर्षांपूर्वीच्या तांबटाचा हात तुमच्या हातात येतो. पोरंटोरं तर वेडी होतात.

पण यासाठी एकाच माणसानं बरीच वर्षं वापरलेलं यंत्र लागतं. 'सुहासिनी'च्या शेडमधल्या सगळ्या प्रेसवर पाळीपाळीनं माणसं बदलायची. एकच प्रेस १९८४ पासून १९९९ पर्यंत एका माणसाची होती. प्रेस नंबर चार. माझ्या बापाची.

काम काय, तर पितळेची गोल चकती डाव्या हातानं उचलायची, उजव्या हातानं साच्यात बसवायची, पायानं पायडल दाबायचं. वरून पन्नास टनांच्या रेट्यानं ठोकळा येतो आणि चकतीची अर्धी टाकी होते. उजव्या हातानं ती काढायची. साच्यासमोर लोखंडी जाळी असते. ती बसवलेली असली की खाली आल्याशिवाय ठोकळा पडतच नाही. म्हणजे दर वेळी जाळी वर, हात आत, हात बाहेर, जाळी खाली, पायडल. जाळी काढून टाकली की हात आणि ठोकळा यांच्यामध्ये फक्त माणसाचं लक्ष उरतं.

मोज्याची जुळणी करायला मी आबांना शेडमध्ये घेऊन गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, वाहनातून उतरताच सवयीनं फाटकाशी उभा राहिला. अपघातानंतर सात वर्षं त्यांना ह्याच फाटकावर वॉचमन म्हणून ठेवलं होतं. गिऱ्हाइकांना बरं दिसत नाही म्हणून उजवा हात खिशात ठेवायचा, अशी मालकांची ताकीद होती.

तस्नीमनं पडद्यावर हात चालू केला. पाच बोटांचा तरणाताठा उजवा हात चकती बसवत होता, टाकी काढत होता. आबा पडद्याजवळ गेले आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"करंगळी वाकडी हुती माजी," ते म्हणाले. "बरोबर दावलीया."

तस्नीमनं मोजा पुढे केला आणि मग तिच्याच लक्षात आलं. आबांच्या अंगठ्याशिवाय त्या मोज्यात भरायला काही नव्हतं. तिनं तो मागे घेतला, आणि कधी नव्हे ती गोंधळली.

"म्हंजे येनारी समदी मानसं माजा हात घालनार व्हय?" आबांनी विचारलं.

"हो, आबा."

"घालू देत. माज्या काय उपेगाचा आता."

मला वाटलं, ओरडावं या माणसावर. अहो, चिडा की जरा कधीतरी!

*

चार दिवसांनी दुपारी तस्नीमनं मला शेडमध्ये बोलावून घेतलं. प्रेसपुढे स्टुलावर बसली होती, चेहरा नेहमीसारखाच, पण समोरच्या डब्याला हात लावलेला नव्हता.

"हर्षला, बस. आणि मी संपवेपर्यंत बोलू नकोस."

तिनं पडद्यावर दोन चाली लावल्या. पहिल्या चालीत हात जाळी उचलायला वर जात होता, मग आत, मग बाहेर. मिनिटाला नऊ वेळा. दुसऱ्या चालीत हात वर जातच नव्हता. सरळ आत, सरळ बाहेर, मिनिटाला चौदा वेळा.

"ही दुसरी चाल त्या दिवसाची ना? अपघाताच्या?" मी म्हटलं.

"एका दिवसाची चाल झिजेत दिसत नाही गं. ही कित्येक वर्षांची आहे. निम्म्याहून जास्त झीज जाळीशिवायची आहे."

मला काही उमजेना. तस्नीमनं मला प्रेसच्या जवळ ओढलं आणि चौकटीवरची चार भोकं दाखवली. जाळी ज्या बोल्टांनी बसवायची त्यांची.

"तुमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा करतात ना? त्याआधी दरवर्षी काय करायचे?"

"रॉकेलनं धुवायचे, रंग मारायचे. मग हळदीकुंकू, झेंडूची माळ."

"दरवर्षी एक पुट. खरवडून नाही, जुन्यावरच नवं. या प्रेसवर बावीस पुटं आहेत, झाडाला वर्षाला एक वर्तुळ पडतं तशी. मी त्यांची सोनोग्राफी केली म्हण. लहरी आत सोडायच्या, प्रत्येक पुटावरून त्या परत येतात, मग पुटं मोजता येतात, रंग ओळखता येतो. आता नीट ऐक. जाळी बसवलेली असेल, तर भोकात बोल्ट असणार. म्हणजे भोकात रंग जाणार नाही."

"बरोबर."

"भोकात रंग आहे. आठ पुटं. आणि ती आठही पुटं कापत बोल्ट आत गेलाय. म्हणजे आठ खंडेनवम्या ही भोकं उघडी होती, आणि त्यानंतर जाळी बसवली."

"आठ कुठल्या कशावरून?"

"सगळ्यात खालचं पुट निळं आहे."

ते निळं वर्ष आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. १९९१ साली हिरवा रंग मिळाला नाही म्हणून अख्ख्या शेडला निळा मारला होता. संग्रहालयासाठी जमवलेल्या फोटोंत तो फोटोही होता, निळ्या प्रेस आणि पुढे पेढे खाणारी माणसं. ९१ पासून ९८ पर्यंत आठ खंडेनवम्या. अपघात ९९ च्या फेब्रुवारीतला.

आठ वर्षं जाळी नव्हतीच. आबा त्या दिवशी काढणार काय, कपाळ? आणि जाळी बसवली कधी, तर अपघात झाल्यावर. तपासणीला सरकारी माणूस येईल म्हणून.

मी तिथं काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तस्नीमनं सगळं ऐकून घेतलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. मला आधी देशिंगकरांचा राग आला, मग स्वतःचा. सतराव्या वर्षी मी काय बोलले होते ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. आणि घरी जाईपर्यंत सगळ्यात जास्त राग आबांचा आला होता.

*

आबा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. डाव्या हातानं जमिनीवर दाबायची, अंगठ्यानं दाणे काढायचे.

"जाळी कुणी काढली, आबा?"

त्यांनी वर बघितलंही नाही. "मी."

"खोटं बोलू नका! भोकांत आठ वर्षांचा रंग सापडलाय. एक्क्याण्णव सालापासून जाळी नव्हती."

शेंगा फोडणारा हात थांबला. "रंग?" त्यांनी विचारलं, आणि मग चक्क हसल्यासारखं केलं. "मीच मारायचो की रंग. भोकं बुजवायची काय सुचली न्हाई कुनाला."

"कुणी काढली?"

"सदूनं."

सदूमामा. आईचा सख्खा भाऊ, एकुलता एक. 'सुहासिनी'त प्रेस विभागाचा फोरमन होता. पाच वर्षांपूर्वी वारला.

"देशिंगकर साहेब म्हनले, मिनिटाला नऊच टाक्या निघत्यात, चौदा पायजेत, जाळी आड येती. सदूनं पाना घेतला आनि काढली. मी बगत उभा हुतो."

"आणि अपघात झाल्यावर?"

"दवाखान्यात आला. रडत हुता. म्हनला, दाजी, जाळी परत बसवलीया मी. इन्स्पेक्टर येनार हाय. साहेब म्हनत्यात, मी काय सांगितलंच न्हवतं, फोरमनची जबाबदारी. दाजी, तुमी काढली म्हना, न्हाईतर मी आत जातोय." आबांनी दाणे सुपात टाकले. "तुज्या आईला भाऊ येकच हुता."

"आणि कुस्ती?"

"रजा मागितली हुती मी कुस्तीसाटी. अर्ज हापिसात हुता. त्यांनी दिला माज्या जबाबाला जोडून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दर भाऊबीजेला सदूमामा आमच्याकडे यायचा. आई त्याला ओवाळायची, जेवायला वाढायची, आणि त्याच्यासमोर आबांना बोलायची, की ह्या माणसानं कुस्तीपायी हात घालवला, तू होतास म्हणून निदान फाटकावर तरी लागला. आणि सदूमामा मान खाली घालून जेवायचा. आणि आबा शेजारच्या पाटावर डाव्या हातानं जेवायचे.

"आईला सांगितलं का नाही? मला का नाही सांगितलं? मी काय काय बोलले तुम्हाला! आई मरताना सुद्धा तेच म्हणत गेली!"

"तिला सांगितलं असतं तर तिला भाऊ ऱ्हायला नसता. नवऱ्याचा राग यवून बाई नांदती, भावाचा राग आला तर माहेर जातंय."

"मी त्या पाटीवर खरं लिहिणार आहे."

आता मात्र आबांनी माझ्याकडे नीट बघितलं. "सदूची पोरं हायती, नातवंडं हायती. मेलेल्या मानसाचं नाव चव्हाट्यावर आनायचं न्हाई. माज्या नावाचं काय व्हायचं ते झालंय. माजी शपथ हाय तुला."

शपथ! आयुष्यभर तोंड मिटून बसले आणि आता माझंही तोंड शिवणार होते.

*

तरी मी मृणालिनी मॅडमकडे गेले. सदूमामाचं नाव घेतलं नाही. फक्त पुटं सांगितली, चाली दाखवल्या, आणि म्हटलं, पाटीवरचं वाक्य काढा.

मॅडम वाईट बाई नाहीत, हेच तर दुखणं आहे. त्यांनी सगळं शांतपणे बघितलं, मला कॉफी मागवली.

"हर्षला, तुझ्या भावना मला कळतात. पण रंगाच्या पुटांवरून आपण इतिहास बदलायचा का? तुझ्या वडिलांचं स्वतःचं निवेदन आहे."

"ते त्यांच्याकडून लिहून घेतलंय. हात बँडेजमध्ये असलेल्या माणसाकडून."

"मग त्यांनाच विचार ना. त्यांना काय हवंय? ते म्हणत असतील तर मी आत्ता पाटी बदलते."

मला आबांची शपथ आठवली. त्यांना ते नेमकं ठाऊक असावं. किंवा नसेलही, पण नेम बरोबर बसला.

"बरं, दुसरं," त्या म्हणाल्या. "मोज्याचा अनुभव नुसता चकती ठेवा, चकती काढा असा आहे. त्याला गोष्ट हवी. पुण्याची एक टीम ते करून देईल. त्यांना फक्त त्या हाताची फाईल लागेल. करारानुसार ती संस्थेचीच आहे, हो ना?"

करारात तसं होतं. सही माझीच होती. फाईल दिली नसती तर त्यांनी कोर्टातून घेतली असती, वगैरे कारणं मी स्वतःला देत होते. खरं कारण एवढंच की मी दमले होते. ज्याच्यासाठी भांडायचं तोच शपथ घालून बसला होता. मी फाईल दिली. तस्नीम दोन दिवस माझ्याबरोबर जेवली नाही.

*

उद्घाटन एक मेला ठेवलं होतं. कामगार दिन! शेडमध्ये दीडदोनशे माणसं, पत्रकार, जुने कामगार, शाळांचे शिक्षक. रत्नाकर देशिंगकर साहेब शहाऐंशी वर्षांचे, चाकांच्या खुर्चीत, पांढरा स्वच्छ सदरा. जुन्या कामगारांचा सत्कार झाला. आबांना शाल आणि नारळ. आबांनी शाल घेताना उजवा हात खिशात घातला. सात वर्षांची सवय कुठं जाते? मी दात ओठ खात मागे उभी होते. प्रेस नंबर चारच्या बाजूला ती पाटी होती, उद्गारचिन्हासकट.

"आणि आता," मृणालिनी मॅडम म्हणाल्या, "आमचे बाबा स्वतः कामगाराचा हात अनुभवणार आहेत."

साहेबांच्या हातात मोजा चढवला. वरच्या मोठ्या पडद्यावर आबांचा हात आला. चकती ठेवली, जाळी खाली, ठोकळा, जाळी वर, टाकी बाहेर. खाली साहेबांची म्हातारी बोटं तशीच हलत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब लहान मुलासारखे हसले.

मग तो हात थांबला.

पडद्यावर त्यानं इकडे तिकडे बघितल्यासारखं केलं, चोर बघतो तसं. कोपऱ्यातला पाना उचलला. पहिला बोल्ट फिरवला. दुसरा. तिसरा. चौथा. जाळी निघाली. पुण्याच्या टीमनं खाली अक्षरं टाकली होती, 'फक्त एक क्षणाचा मोह'.

पाटीवर कुणी काहीही लिहो, शब्द ते शब्द. पण तो हात खरा होता. तस्नीमनं पितळेच्या आणि लोखंडाच्या झिजेतून कणाकणानं वर काढलेला. आता पुढची पन्नास वर्षं पोरं येणार, तो मोजा घालणार आणि जे त्यानं कधी केलं नाही ते त्याच्याकडून करवून घेणार. आणि फाईल मी दिली होती. मीच.

मी पुढे धावणार, तेवढ्यात आबा उठले. शाल खाली पडली, नारळ गडगडत गेला.

"बंद करा त्ये."

आवाज एवढा होता की माइकवर बोलणारी पोरगी दचकली. मी आयुष्यात आबांचा असा आवाज ऐकला नव्हता. ते प्रेसपाशी जाऊन उभे राहिले, आणि उजवा हात खिशातून बाहेर काढून सगळ्यांसमोर धरला.

"ह्यो हात माजा हाय. वर दिसतोय त्यो बी माजाच. पंधरा वर्सं ह्या हातानं काय केलं ते मला ठावं हाय. त्या बोल्टांना ह्येनं कदी पाना लावला न्हाई. तोंडानं मी खोटं बोललो, त्ये माजं मी बगीन. पर हाताला खोटं बोलाय लावायचं न्हाई. बंद करा म्हनतो न्हवं!"

"आबा, तुम्ही बसा, आपण नंतर बोलू," मॅडम पुढे आल्या.

आबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते साहेबांकडे बघत होते. साहेबांच्या हातात अजून मोजा होता, बोटं पाना धरल्यासारखी वळलेली.

"साहेब, येक मातुर बरं झालं. जाळी आज तुमच्याच हातानं निघाली."

साहेब मोजा ओढून काढायला लागले. तो निघेना. "केरबा, ते... ते सदाशिवचं काम होतं," ते म्हणाले. "पाना सदाशिवनं घेतला होता. मी कुठं..."

त्यांच्या सदऱ्याला माइक लावलेला होता. अख्ख्या शेडनं ते ऐकलं.

ज्याला झाकायला माझ्या बापानं एकोणचाळीस वर्षं घातली, त्याचं नाव मालकानं एका क्षणात पुढे ढकललं. आबा खाली बघत उभे राहिले. मला वाटलं, आता बसतील, नेहमीसारखे.

"व्हय," ते म्हणाले. "सदूनंच काढली. तुमी काडाय लावली म्हनून. आनि मी बगत उभा हुतो. आनि मग आठ वर्सं तशीच चालवली, तोंड मिटून. शेजारच्या प्रेसवरच्या मानसांनीबी बगितलं, केरबा चालवतोय म्हंजे चालतंय, म्हनून त्येंच्या बी जाळ्या निगाल्या." मग ते माझ्याकडे वळले. "हर्षे, हिकडं ये. त्या पाटीवरचं खोड."

मी पिशवीतून जाड काळा मार्कर काढला. मॅडमच्या एका माणसानं माझा दंड धरला, तस्नीमनं त्याचा हात बाजूला केला, आणि थंडपणे त्याच्यापुढे उभी राहिली. मी पाटीवरच्या सगळ्या ओळी आडव्या खोडल्या. चारी बाजूंनी माणसं फोन वर धरून उभी होती.

"काय लिहू, आबा?"

"जाळी कुनामुळं गेली, त्येंची नावं लिव. तीन."

मी पहिलं नाव लिहिलं, रत्नाकर देशिंगकर. इतकं दाबून लिहिलं की मार्करचं टोक चेपलं. दुसरं लिहिताना मला मामाचा ताटावर झुकलेला चेहरा दिसला, पण हात थांबला नाही. सदाशिव ज्ञानू पोवार. आणि मग थांबला. पाटीवर खाली जागा होती, आणि मला पुढे लिहिता येईना. मी आबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला होता, पण आवाज आता साधा होता.

"लिव की. बाप हाय म्हनून गाळू नगंस."

मी लिहिलं.